लेण्याचा दरवाजा आणि दुकानाची पत

मावळ तालुक्यातील पाले गावाजवळ डोंगराच्या कुशीत एक लहानसे लेणे आहे. ते कार्ल्याच्या चैत्यगृहासारखे भव्य नाही, भाज्यासारखे प्रसिद्धही नाही. त्यामुळे पुणे-मुंबई मार्गावरून रोज ये-जा करणाऱ्या उद्योजक-व्यापाऱ्यांपैकी फारच थोड्यांची पावले तिकडे वळतात. त्या लेण्यात ब्राह्मी लिपीतील काही ओळी कोरलेल्या आहेत. डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी १९६९ मध्ये तो लेख अभ्यासकांपुढे आणला. आरंभी अरिहंतांना नमन आणि पुढे एखाद्या पावतीवर असावी तशी सरळ नोंद : भदंत इंद्ररक्षिताने हे लेणे आणि पाण्याची पोढी करविली. महाराष्ट्रातील सर्वांत जुना जैन शिलालेख म्हणून तो ओळखला जातो. त्याचे वय सुमारे दोन हजार वर्षे. लेण्याबरोबर पोढीचाही उल्लेख करावासा वाटला, हे विशेष. वास्तू उभी केली तर तिथे राहणाऱ्याच्या पाण्याची सोयही करावी लागते, एवढे व्यवहारज्ञान त्या काळीही होते.

याच इंद्रायणीच्या खोऱ्यात, पाले लेण्यांपासून जवळच, ५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘अभय प्रभावना’ या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. सुमारे पन्नास एकरांचा परिसर, तीस दालने, साडेतीनशेहून अधिक कलाकृती, शंभर फुटी मानस्तंभ आणि भगवान ऋषभदेवांची त्रेचाळीस फुटी मूर्ती असा त्याचा विस्तार आहे. जैन तत्त्वज्ञान आणि श्रमण परंपरेची मूल्ये चित्र, शिल्प आणि दृक्‌श्राव्य माध्यमांतून मांडणाऱ्या या प्रकल्पामागे फोर्स मोटर्सचे अध्यक्ष अभय फिरोदिया यांचा संकल्प आहे. फिरोदिया घराण्याची पार्श्वभूमी वाचकांना परिचित आहे. अहमदनगरचे कुंदनमल फिरोदिया हे स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ते आणि पुढे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. त्यांचे पुत्र नवलमल यांनी भारतात ऑटोरिक्षा आणण्यात पुढाकार घेतला आणि १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पो या कंपनीचा पाया घातला. आकुर्डीची हीच कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते. दुसरे पुत्र हस्तीमल यांनी कायनेटिक उभी केली. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासात या घराण्याचे पान पहिल्या काही पानांत येते.

संग्रहालय पाहून परतणाऱ्या व्यापारी कुटुंबांत मात्र एक वाक्य हमखास ऐकू येते : फिरोदियांचे ठीक आहे, त्यांचा कारखाना आहे, आपले दुकान, आपला छोटा युनिट, आपल्याला हे कुठून परवडणार? आणि परवडले तरी त्यातून मिळणार काय? प्रश्नाच्या या दुसऱ्या भागाला पुष्कळजण संकोचतात. दानातून लाभाची अपेक्षा करू नये, हा संस्कार आहे आणि तो योग्यच आहे. पण कला आणि वारसा यांना दिलेला प्रत्येक पैसा दान नसतो. त्यातला काही भाग व्यवसायाचाच असतो, आणि त्याचा हिशेब मांडण्यात गैर काही नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर याच परिसरात, कार्ल्याला, दगडावर लिहून ठेवलेले आहे. कार्ल्याचे चैत्यगृह हे देशातील सर्वांत मोठ्या शैलचैत्यांपैकी एक. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह सिद्धीस नेले, असा तेथे लेख आहे. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासी. म्हणजे दूरच्या गावचा सावकार घाटमाथ्यावरच्या व्यापारी मार्गालगत पैसा लावतो. परंतु चैत्यगृहातले इतर लेख वाचत गेले की कळते, सगळा भार एकट्या भूतपालाने उचललेला नव्हता. धेनुकाकट येथील निरनिराळ्या व्यक्तींनी एकेक खांब दिला आहे. आणि सिंहदत्त नावाच्या एका गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दिला आहे तो एक दरवाजा. अत्तराचे दुकान चालविणाऱ्याने संपूर्ण लेणे खोदण्याचा आव आणला नाही. आपल्याला झेपेल तेवढे त्याने उचलले. भूतपालाच्या शेजारी त्याचेही नाव दोन हजार वर्षे टिकून आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात असे ‘दरवाजे’ कमी नाहीत. चाकणच्या भर वस्तीत संग्रामदुर्गाची तटबंदी उरली आहे. १६६० मध्ये शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने हा छोटासा भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजविला. आज कांदा-बटाट्याच्या बाजाराला आलेल्या गाड्या आणि औद्योगिक वसाहतीतले कंटेनर ज्या गावातून जातात, त्याच गावात हा इतिहास आहे. पण कारखान्यात कामाला आलेल्या तरुणाला तो ठाऊक असण्याचे कारण नाही. चिंचवडगावात मोरया गोसावींचे समाधिमंदिर आहे. १६५८-५९ मध्ये चिंतामणी महाराजांनी ते बांधविले. तेथून जवळच चापेकर बंधूंचा वाडा. क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीने त्यासाठी चिकाटीने काम केले नसते, तर तिथे आज एखादे व्यापारी संकुल दिसले असते. आणि वास्तूच कशाला? चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह येथे होणाऱ्या हौशी प्रयोगांना, गायनाच्या बैठकींना दरवर्षी कुणाचा तरी आधार लागतोच. ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१६ मध्ये पिंपरीत भरले, शंभरावे नाट्यसंमेलन २०२४ च्या जानेवारीत याच शहरात झाले. कामगारनगरीला कला परकी नाही.

आता लाभाचा मुद्दा. बँकेच्या कर्जविभागात एखादा प्रस्ताव येतो तेव्हा ताळेबंद, तारण, रोखप्रवाह हे सगळे पाहिले जाते. पण शेवटी शाखाधिकाऱ्याच्या मनात एक साधा प्रश्न उरतो : हे घर गावात कसे ओळखले जाते? ‘पत’ या मराठी शब्दात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. कर्ज फेडण्याची ऐपत ती पत आणि समाजातील विश्वासार्हता तीही पत. या नावलौकिकाची गंमत अशी की, लेखामानक क्रमांक २६ नुसार स्वतः कमावलेले कीर्तिमूल्य ताळेबंदात दाखविता येत नाही. धंदा दुसऱ्याने विकत घेतला, तर मात्र घेणारा त्याच कीर्तिमूल्याची किंमत मोजतो आणि आपल्या पुस्तकात ती लिहितो. म्हणजे मालमत्ता होती, फक्त लिहिलेली नव्हती. कलेला आणि वारशाला दिलेला आश्रय या न लिहिलेल्या मालमत्तेत जमा होत जातो. तो तिमाहीत दिसत नाही, पिढीत दिसतो.

पुण्यातील महाविद्यालयीन मुलांना ‘फिरोदिया’ म्हणजे काय असे विचारून पाहावे. टेम्पो किंवा मोपेड हे उत्तर क्वचितच येईल. त्यांच्या लेखी ‘फिरोदिया’ म्हणजे ती आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, जिच्यात नाट्य, संगीत, नृत्य, चित्र, शिल्प अशा अनेक कला एकाच रंगमंचावर एकत्र येतात. सत्तरच्या दशकात सुरू झालेल्या या करंडकाच्या तालमींत मुलांच्या पिढ्या घडल्या. घराण्याचे आडनाव सामान्यनाम होऊन बसले. कोणत्याही जाहिरात संस्थेला कितीही पैसा दिला तरी हे साधून देता येणार नाही, कारण ते पैशापेक्षा सातत्याने साधलेले आहे.

याहूनही जुने आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने अधिक बोधक उदाहरण किर्लोस्करांचे. १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीत नांगर तयार होत. नांगर विकणाऱ्या अडत्यांना आणि गिऱ्हाइकांना कारखान्याच्या बातम्या कळाव्यात, म्हणून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक निघाले. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक, आणि ते स्वतः चित्रकार. पत्रकात हळूहळू लेख आले, चित्रे आली, कथा आल्या आणि त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. पुढे १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. मराठी मध्यमवर्गाच्या घरात दर महिन्याला किर्लोस्कर हे नाव येऊ लागले, ज्या घरात नांगराची गरज नव्हती तिथेसुद्धा. जाहिरातीसाठी निघालेल्या पत्रकाने साहित्याला घर दिले आणि साहित्याने त्या नावाला दिलेली प्रतिष्ठा पुढे पंप आणि इंजिनांच्याही उपयोगी पडली. यात कोणी कोणावर उपकार केला, हे ठरविणे अवघड आहे.

आपल्या समाजातील जळगावचे भवरलाल जैन यांचे कार्यही याच वाटेचे. ठिबक सिंचनाच्या उद्योगातून उभ्या राहिलेल्या जैन हिल्सवर २०१२ मध्ये ‘गांधीतीर्थ’ साकारले. बहिणाबाई आणि बालकवी या खान्देशच्या कवींच्या नावाने पुरस्कार सुरू झाले. नळ्या घ्यायला आलेला शेतकरी गांधीतीर्थ पाहून जातो. त्याला ते वेगळे वाटत नाही.

कामगारांचा मुद्दा चाकणच्या लघुउद्योजकाला अधिक जवळचा वाटेल. मराठवाडा, खान्देश, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेला तरुण इथे भाड्याच्या खोलीत राहतो, पाळीत काम करतो आणि शेजारच्या फाटकावर थोडे जास्त मिळाले की निघून जातो. शिकविलेला माणूस गेला की जो खर्च होतो, तो कोणत्याही खात्यात स्वतंत्र दिसत नाही. भंगारात, उशिरात आणि गिऱ्हाइकाच्या तक्रारीत तो लपलेला असतो. भजनीमंडळ, एकांकिका, गडाची एखादी सहल यांनी पगाराची उणीव भरून निघते, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र पगार बरोबरीचा असेल तर माणूस तिथे थांबतो, जिथे त्याला नावाने ओळखतात. टेल्कोच्या कामगारांनी ‘कलासागर’सारखी संस्था चालविली, ती याच जाणिवेतून. जिथे आपण राहतो त्या गावाला काही इतिहास आहे आणि आपला मालक त्याची कदर करतो, हे दिसले की परगावचा माणूसही त्या गावाचा होऊ लागतो.

अर्थात प्रत्येक प्रायोजकत्व फळते असे नाही. नाटकाच्या नावापेक्षा दुकानाचे नाव मोठे छापलेला फलक लावणारे, पहिल्या अंकाआधी तासभर सत्कार उरकणारे आणि पुढल्या वर्षी फोन न उचलणारे आश्रयदाते सर्वांना माहीत आहेत. त्यांचा पैसा खर्ची पडतो, जमा होत नाही. दहा संस्थांना एकेकदा दिलेल्या देणगीपेक्षा एका संस्थेला दहा वर्षे दिलेली देणगी अधिक उपयोगी ठरते, संस्थेलाही आणि देणाऱ्यालाही.

या सातत्याची सोय कशी करावी, याचा उत्तम नमुना नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे, आणि वित्तव्यवहार जाणणाऱ्याने तो मुद्दाम जाऊन पाहावा. दहाव्या लेण्यातील लेखानुसार, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दलाला कधीही हात न लावता फक्त व्याज वापरण्याची ठेव. ही रक्कम त्याने राजकोषात ठेवली नाही, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत, असे लेख सांगतो. वीस गुणिले बारा : दोनशे चाळीस. हिशेब पैशाला पैसा जुळतो. हजाराचे नव्वद इतर किरकोळ खर्चासाठी. सगळा व्यवहार निगमसभेत ऐकविला गेला आणि फलकावर नोंदविला गेला.

या व्यवहारात विणकरांचा काय लाभ झाला, हे पाहण्यासारखे आहे. त्यांना कधीच परत न मागितले जाणारे खेळते भांडवल मिळाले, तेही ठरलेल्या दराने. दोन श्रेणींचे दर वेगळे आहेत. का, ते लेख सांगत नाही, पण आजच्या कोणत्याही बँकेत हा फरक कोणाला नवल वाटणार नाही. शिवाय राजाच्या जावयाने विश्वासाने पैसा ठेवला, ही गोष्ट निगमसभेत सर्वांसमक्ष जाहीर झाली. त्या श्रेणीच्या दारात दुसरा ठेवीदार यायला आणखी कोणती शिफारस हवी होती? वारशाला आधार देणारा स्थानिक व्यवसाय स्वतःही कसा सावरतो, याचे इतके स्पष्ट लेखी उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

आजच्या भाषेत सांगायचे तर चाकणच्या आठ-दहा व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन एखाद्या नोंदणीकृत न्यासाकडे कायम निधी ठेवावा, त्याच्या व्याजातून एका वास्तूची झाडलोट, पावसाळ्यापूर्वी तटावरची झुडपे काढणे, माहितीफलक, रखवालदार एवढेच पाहावे. उद्घाटनाला पैसा मिळतो, झाडूला मिळत नाही. वारसा कोसळतो तो बहुधा झाडूअभावीच. भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप पहिल्या वर्षी हाताने उपटता येते. दहा वर्षांनी तेच तट फोडते.

कायद्याची बाजू थोडक्यात. पाचशे कोटींचे नक्त मूल्य, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा यांपैकी कोणतीही मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीला कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्चावी लागते. ऐतिहासिक वास्तूंचे जतन, कला, पारंपरिक हस्तव्यवसाय आणि सार्वजनिक ग्रंथालये ही क्षेत्रे त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलेली आहेत. पुष्कळ कंपन्या शाळेच्या बाकांपलीकडे पाहत नाहीत, त्यांना हे सुचवावे. ज्यांना हे बंधन नाही अशा लहान पेढ्यांनी देणगी आणि जाहिरात यांतील भेद सनदी लेखापालाकडून समजून घ्यावा. नाट्यमहोत्सवाच्या पुस्तिकेतील जाहिरात हा व्यवसायखर्च ठरू शकतो. देणगीवरील वजावट मात्र ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीखाली मिळते, दोन हजारांवरील रोख देणगीला मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत गेलेल्यांनाही मिळत नाही. संरक्षित स्मारकाला तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय चुन्याचा हातही लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

कारण हौसेने झालेले नुकसान परत भरून येत नाही. या बाबतीत आपल्या समाजानेही थोडे अंतर्मुख व्हावे. नवे मंदिर बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य कितीतरी पट अधिक, असे आपण परंपरेने ऐकत आलो. परंतु गेल्या काही दशकांत गावोगावी जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ जुने पाडून नवे संगमरवरी उभारणे असा झाला आहे. कोरीव लाकडी खांब, रंगविलेली छते, काळ्या दगडाच्या चौकटी आणि त्यांवरचे लेख भंगारवाल्याच्या गाडीत गेले. ज्या श्रावकांनी पूर्वी आपली शिल्लक त्या खांबांत घातली होती, त्यांचे दानही त्याबरोबर गेले. मंदिर चकचकीत झाले. ते केव्हाचे आहे, हे सांगणारा पुरावा उरला नाही. विश्वस्त मंडळाने काम सुरू करण्याआधी एका जतनतज्ज्ञाचा सल्ला घेतला आणि निदान सर्व बाजूंनी छायाचित्रे व मोजमापे घेऊन ठेवली, तरी पुष्कळ वाचेल. हा खर्च एकूण अंदाजपत्रकात नगण्य असतो.

आणि ज्यांच्याकडे द्यायला पैसा नाही, त्यांच्याकडेही देण्यासारखे काही असते. राजस्थान-गुजरातेतून दख्खनेत आलेल्या अनेक पेढ्यांच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या जुन्या वह्या आहेत. महाजनी किंवा मोडी लिपीत लिहिलेल्या या चोपड्यांत धान्याचे भाव, व्याजाचे दर, दुष्काळी वर्षांतली उधारी, मंदिराच्या आणि धर्मशाळेच्या नावे टाकलेली रक्कम, सारे काही आहे. या भागाचा आर्थिक इतिहास लिहायचा तर सरकारी दप्तराइतक्याच त्या मोलाच्या. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१८ मध्ये डेक्कन महाविद्यालयातून आलेला सरकारी हस्तलिखितसंग्रह आहे, त्यातील जैन हस्तलिखितांची संख्या मोठी आहे. कोणीतरी ती जपली, वेळीच दिली, म्हणून आज ती वाचता येतात. घरातील मुले वाचू शकत नाहीत म्हणून दिवाळीच्या सफाईत चोपड्या रद्दीत काढू नयेत. त्यांना लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नये. ओल आणि वाळवी यांपासून दूर, स्वच्छ सुती कापडात बांधून ठेवावे, वर्षातून एकदा कोरड्या दिवशी सावलीत उघडून हवा द्यावी, आणि प्रत्येक वहीवर कोणत्या पेढीची, कोणत्या गावची, कोणत्या संवतापासून कोणत्या संवतापर्यंतची, एवढे वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून आत ठेवावे. शाई पसरते, पेन्सिल पसरत नाही. लिपी जाणणारी एखादी वडीलधारी व्यक्ती घरात असेल, तर हे काम या पर्युषणाआधी उरकून घ्यावे.